मूळ चित्र नेमकं कुणाकडे?

प्रश्न : मुलीकडे पॅरिसला गेलो होतो, तेव्हा कार्नाव्हाले संग्रहालयात जुनी फ्रेंच व्यंगचित्रं पाहिली. दोमिये नावाच्या चित्रकाराची हीच चित्रं इतर देशांतही आहेत म्हणे. मग मूळ चित्र कुणाकडे? आणि वर्तमानपत्राचा कागद एवढा जपायचा कशाला?
– एक वाचक, निजामपुरा, वडोदरा

उत्तर : मूळ चित्र कुणाकडेच नाही, कारण ते कागदावर नव्हतंच. ओनोरे दोमिये (१८०८–१८७९) यांनी सुमारे चार हजार चित्रं काढली ती शिळाप्रेसच्या चुनखडी दगडावर. तेलकट खडूने दगडावर चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि वरून शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, तेलकट रेघेला चिकटते. आपल्या जुन्या पोथ्या अशाच छापल्या गेल्या. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेल्या छापखान्यातल्या देवादिकांच्या तसबिरीही दगडावरच्याच, फक्त तिथे रंगागणिक वेगळा दगड लागे. काम संपलं की दगड घासून पुढच्या चित्राला घेत. म्हणून त्या दगडावरून निघालेली प्रत्येक प्रत अस्सल मानतात.

कागद जपला जातो तो त्यामागच्या भांडणामुळे. शार्ल फिलिपाँ यांनी १८३० साली ‘ला कारिकात्यूर’ साप्ताहिक आणि १८३२ साली ‘ल शारिव्हारी’ दैनिक काढलं. १८३१ मध्ये राजा लुई फिलिपच्या अवमानाचा खटला चालला, तेव्हा फिलिपाँनी बचावासाठी चार चित्रं पुढे केली. पहिल्यात राजाचा चेहरा, चौथ्यात चक्क नासपती. यातल्या कुठल्या पायरीवर गुन्हा घडतो, असा त्यांचा सवाल. शिक्षा चुकली नाही, पण नासपती पॅरिसच्या भिंतींवर जाऊन बसली. त्याच वर्षी दोमियेंनी राजाला प्रजेचा पैसा गिळणारा महाकाय दाखवलं. त्यांना सहा महिन्यांची कैद झाली आणि तो दगडच नष्ट करण्याचा हुकूम निघाला. त्या चित्राच्या मोजक्याच प्रती वाचल्या.

दोमियेंच्या बाकीच्या चित्रांत वकील, डॉक्टर आणि घरमालकच जास्त दिसतात, त्याला कारण १८३५चा कायदा. चित्र छापण्याआधी सरकारी मंजुरी लागू लागली, लेखाला मात्र ती अट नव्हती. निरक्षरालाही कळणाऱ्या चित्राची धास्ती अधिक! राजा हाताशी लागेना, तेव्हा चित्रकार समाजाकडे वळले. हा वसा पुढे लंडनच्या ‘पंच’ने १८४१ साली उचलला आणि त्याच्या पावलावर मुंबईत ‘पारसी पंच’ निघालं.

दगडावरची छपाई समजून घ्यायची तर लांब जायला नको. तुमच्या सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला विद्याशाखेत मुद्राचित्रण शिकवतात. आणि जुन्या बाजारात असं चित्र सापडलंच, तर आधी उलटून पाहा. मागे फ्रेंच मजकूर छापलेला असेल तर बहुधा ते वर्तमानपत्रातलं पान. मग भिंग लावा. खडूची रेघ दाणेदार, तुटक दिसते. ठिपक्यांची सारखी जाळी दिसली, तर ती अलीकडची नक्कल. पैसे परत खिशात घाला.