इसार देण्याआधी कागद वकिलाकडे

प्रश्न : बिलोलीजवळ दोन एकर शेत घ्यायचंय. मालक म्हणतो, आज इसार द्या, कागद मागाहून बघू. काय करावं?

उत्तर : थांबा. इसारपावतीने जमीन तुमची होत नाही, पैसे मात्र अडकतात. मराठवाड्यात नुसत्या चालू सातबाऱ्यावर विसंबू नका. १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक आणि तिथपासूनचे सगळे फेरफार काढून वकिलाला दाखवा. कुळाची किंवा इनामाची जमीन निघाली, ‘भोगवटादार वर्ग २’ दिसलं, तर आधी सरकारी परवानगीचं बघावं लागतं. मालकाच्या बहिणींची नावं वारसात आहेत का? २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, आणि सगळ्यात जास्त दावे इथूनच उभे राहतात, असं मला वाटतं. मालक ऐकतच नसेल, तर रक्कम छोटी ठेवा, चेकने द्या आणि ‘बोजा किंवा वाद निघाल्यास इसार परत’ असं पावतीवर लिहून घ्या.