दुसरा स्पर्श

शास्त्रपाठ : मार्ककृत शुभवर्तमान, अध्याय ८, वचने २२ ते २६. कुटुंबात वाचताना १४ व्या वचनापासून आरंभ करावा.

प्रभु येशूचे बहुतेक चमत्कार एका शब्दासरशी अथवा एका स्पर्शासरशी पूर्ण झाले. वादळास आज्ञा झाली आणि ते निवाले. कुष्ठ्यास स्पर्श झाला आणि तो शुद्ध झाला. बेथसैदा येथील आंधळ्याची गोष्ट मात्र निराळी आहे. प्रभूने त्याचा हात धरून त्यास गावाबाहेर नेले, त्याच्या डोळ्यांस थुंकी लाविली, त्याजवर हात ठेविले आणि काही दिसते की काय, असे विचारिले. त्याने वर पाहिले. माणसे दिसत होती खरी, परंतु ती चालत्या झाडांसारखी. मग प्रभूने पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेविले, तेव्हा त्यास सर्व स्पष्ट दिसू लागले. चार शुभवर्तमानांपैकी ही हकीकत एकट्या मार्कानेच लिहून ठेविली आहे.

प्रभूच्या सामर्थ्यात प्रथम काही उणे होते काय? असे कोणी म्हणणार नाही. तरी हे दोन वेळचे हात ठेवणे उगीच लिहिलेले नाही.

डोळा उघडणे आणि दिसणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वैद्यांसही ठाऊक आहे. लंडन येथील शल्यवैद्य विल्यम चेसल्डन यांनी अगदी लहानपणापासून आंधळ्या असलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाच्या मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया केली व तिची हकीकत सन १७२८ मध्ये प्रसिद्ध केली. मुलाच्या डोळ्यांत उजेड आला. परंतु समोरची प्रत्येक वस्तू आपल्या डोळ्यांस चिकटली आहे, असे त्यास वाटे. घरातले मांजर कोणते व कुत्रे कोणते, हे तो पुनःपुन्हा विसरे आणि विचारावयास लाजे. शेवटी एके दिवशी त्याने मांजरास धरले, हाताने चाचपून ओळखले, मग त्याजकडे टक लावून पाहिले. आता पुढच्या वेळी चुकणार नाही, अशा अर्थाचे तो बोलला. आपल्या देशातही प्रोफेसर पवन सिन्हा यांनी ‘प्रकाश’ नावाच्या उपक्रमातून जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांस दृष्टी मिळवून दिली. हाताने चाचपलेली वस्तू नजरेने ओळखणे त्या मुलांस प्रारंभी साधेना, पुढे थोड्याच दिवसांत साधू लागले, असे सन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

बेथसैदाचा मनुष्य जन्मांध होता असे शास्त्र म्हणत नाही, आणि आपणही म्हणू नये. झाड कसे दिसते हे त्यास ठाऊक होते, त्यावरून पूर्वी कधी तरी त्यास दिसत असावे. मी हे दाखले चमत्काराचा खुलासा म्हणून दिलेले नाहीत. प्रकाश एका क्षणात येतो व पाहावयास मात्र शिकावे लागते, इतकेच मला सांगावयाचे आहे.

आता मार्काने ही गोष्ट कोठे ठेविली ते पाहा. तिच्या अगोदर शिष्य तारवात बसले आहेत. भाकरी घ्यावयास ते विसरले. तारवात एकच भाकर. तेवढ्यावरून त्यांची आपसांत कुजबुज चालली. तेव्हा प्रभूने त्यांस हिशेब विचारिला : पाच हजारांस पाच भाकरी मोडल्या, तेव्हा किती टोपल्या उचलल्या? बारा. चार हजारांस सात मोडल्या, तेव्हा किती? सात. उत्तरे दोन्ही बरोबर आहेत! हिशेब चोख, पण नजर अधू. ज्याने त्या भाकरी मोडल्या तोच शेजारी बसला आहे, हे एकासही दिसेना. आपल्याकडे पिठाचा डबा तळाशी गेला म्हणजे असेच होते. गेल्या दुष्काळात आपण कसे तरलो, हे साक्षीच्या वेळी आपण वर्षवार सांगतो, आणि सोमवारी सकाळी डब्याचे तळ पाहून पोराबाळांवर खेकसतो.

आणि गोष्टीच्या पाठोपाठ काय आहे? फिलिप्पाच्या कैसरियाच्या वाटेवर पेत्र प्रभूस ख्रिस्त म्हणून ओळखतो. पण लगेच, वधस्तंभाच्या दुःखाचे बोलणे निघताच, तोच पेत्र प्रभूस दटावू लागतो. पेत्रही बेथसैदाचाच, असे योहानाने लिहिले आहे. त्याच्या गावच्या आंधळ्याप्रमाणे त्यासही प्रथम अर्धेच दिसले. तेव्हा बाप्तिस्मा घेऊन वीस वर्षे झाली म्हणून आपणांस सगळे स्पष्ट दिसते, असे कोणी धरून चालू नये.

माणसे झाडांसारखी दिसणे म्हणजे काय? आपण शेतकरी लोक. झाडाकडे आपण कसे पाहतो? बाभळीकडे पाहिले की औताचे लाकूड दिसते, लिंबाकडे पाहिले की सावली, वाळलेल्या फांदीकडे पाहिले की जळण. ह्यात काही पाप नाही; झाडे त्यासाठीही दिलेली आहेत. परंतु हीच नजर माणसांवर फिरू लागली म्हणजे गडी म्हणजे दोन हात होतात, सून म्हणजे चुलीपुढची भाकर होते, म्हातारा बाप म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव होते, आणि बांधाशेजारचा भाऊ म्हणजे निव्वळ कुरापत. माणूस चालताना दिसतो, त्याचे तोंड दिसत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा सन १८९५ मध्ये झाला. पुढे बाई पतीजवळ येऊन राहिल्या, तरी त्यांनी आपले सोवळे व आपला स्वयंपाक वेगळाच ठेविला होता. जातिभेद देवाने केला की माणसाने, ह्या प्रश्नाशी त्या मनात झगडल्या. तो माणसाचाच, असे पटल्यावर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे त्यांनी ठरविले. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा त्यानंतर, सन १९०० मध्ये झाला. पाहा, ही दृष्टी त्यांस एकाएकी आली नाही आणि आली असे त्यांनी भासविलेही नाही. आपण मात्र ते पुस्तक कौतुकाने वाचतो, आणि मुलामुलींची लग्ने जमविताना ‘हे मूळचे कोण?’ म्हणून अजून हळूच विचारतो. ही झाडेच दिसतात, दुसरे काय!

हा पाठ मी आमच्या गावच्या प्रार्थनासभेत घेतला. संपल्यावर एका आजीने विचारिले, “पाळकसाहेब, गावच्या लोकांनीच त्याला आणला होता ना? मग ‘दिसतं, चांगलं दिसतं’ असं त्यानं का नाही सांगितलं? सगळी खूश झाली असती.”

मजजवळ उत्तर तयार नव्हते. पण आजीने नेमके वर्म पकडिले होते. तो मनुष्य ‘दिसते’ एवढेच म्हणून निघून गेला असता, तर जन्मभर झाडांत वावरला असता. आपणांस नीट दिसत नाही, हे ज्याने प्रकाश दिला त्याच्याच तोंडावर त्याने सांगितले, म्हणून दुसऱ्यांदा हात आला.

त्या रात्री मला झोप आली नाही. आमच्या मंडळीतील एका बंधूने बियाण्यासाठी मंडळीच्या निधीतून तीन हजार रुपये घेतले होते. दोन वर्षे झाली, परत आले नाहीत. पुढे तो उपासनेस येईनासा झाला. वाटेत दिसला म्हणजे मला तो दिसत नसे, तीन हजार रुपये चालत जाताना दिसत. त्याच्या रानात दगडमुरमाचा मोठा ढीग पडला होता. आपले पैसे कोठे गेले ते पाहा, असे मी पंचांजवळ एकदा बोललोही होतो.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी मी त्याच्या घरी गेलो. मी टेकण्यापूर्वीच तो उभा राहून म्हणाला, “सुगी झाली की देतो.” दोन वर्षांत आम्हां दोघांत एवढेच बोलणे उरले होते. मी पैशासाठी आलो नाही, असे म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही, आणि तो का बसावा? मग त्याने मला विहीर दाखविली. तो ढीग तिचाच. साठ फूट खोल जाऊनही पाणी लागले नव्हते. नवराबायकोने दोन उन्हाळे दगड वाहिले होते. विहिरीच्या काठावर मी प्रार्थना केली. ती नीटशी जमली नाही.

पैसे अद्याप आलेले नाहीत, व ते माफ करावयाचा अधिकार मला एकट्याला नाही. तो विषय पंचांपुढे आहे. पंचांजवळ केलेले माझे बोलणे मात्र मी मागे घेतले आहे. पुढच्या रविवारी तो बंधू आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी त्याची धाकटी मुलगी आली व मागच्या चटईवर बसली. तिचे नाव मला ठाऊक नव्हते. ते मी विचारून घेतले.

पाठ चालविणाऱ्यांस सूचना : आजीचा प्रश्न आपल्या सभेत जसाच्या तसा विचारावा, आणि उत्तराची घाई करू नये. पुढील आठवड्याचा पाठ मार्क ८:२७ ते ३३. सर्वांनी घरी वाचून यावे.