४.३ पाण्यातील प्रतिबिंब : दृश्याची द्विरुक्ती

अभ्यस्त शब्द आपल्या परिचयाचे आहेत. ‘हळूहळू’ हा पूर्णाभ्यस्त शब्द, तर ‘शेजारीपाजारी’ हा अंशाभ्यस्त. पहिल्यात शब्द जसाच्या तसा परत येतो. दुसऱ्यात तो किंचित बदलून येतो आणि अर्थाची व्याप्ती वाढवतो. जलाशयाकाठी छायाचित्र घेताना दृश्यही असेच एका चौकटीत दोनदा येते. ही द्विरुक्ती अर्थपूर्ण ठरते की निरर्थक, हे छायाचित्रकाराच्या निवडीवर अवलंबून असते.

प्रवरा नदीवरील भंडारदरा धरणाचा जलाशय उदाहरणादाखल घेऊ. पलीकडच्या काठावर एक झाड आणि त्यामागे दूरवर रतनगड, अशी चौकट कल्पून पाहा. प्रतिबिंब म्हणजे दृश्याची उलटी, पण हुबेहूब नक्कल, असा समज रूढ आहे. तो अचूक नाही. कॅमेरा पाण्यापासून जितका वर असतो, तितक्याच खोलीवरून पाहिल्यास जे दिसेल, ते पाण्यात उमटते. त्यामुळे झाडाच्या वर गडाचा जेवढा भाग प्रत्यक्षात दिसतो, त्याहून कमी भाग प्रतिबिंबात दिसतो. कॅमेरा पाण्यालगत आणला की हा फरक घटतो व रचना पूर्णाभ्यस्ताकडे झुकते. उंचावर नेला की ती अंशाभ्यस्त होते.

काठाची रेषा कोठे ठेवावी, हा दुसरा प्रश्न. सममितीतील स्थैर्य हाच चित्राचा आशय असेल, तर ती मध्यावर ठेवणे उचित. पाण्यातील थरथर महत्त्वाची वाटत असेल, तर रेषा वर सरकवून प्रतिबिंबाला अधिक जागा द्यावी. दोन्ही भागांना समान जागा देण्यामागे कारण सांगता येत नसेल, तर ती पुनरुक्तीच समजावी.

काही व्यावहारिक बाबीही ध्यानात ठेवाव्यात. वारा पडलेला असताना, बहुधा पहाटे, पाणी आरशासारखे स्थिर असते. प्रतिबिंब स्पष्ट हवे असल्यास पाण्याच्या पृष्ठभागावर नव्हे, तर गडाच्या अंतरावर फोकस साधावा. तिरप्या नजरेने पाणी अधिक प्रकाश परावर्तित करते. उभ्या नजरेने पाहिल्यास तळ दिसू लागतो.

स्वयंअध्ययनासाठी कृती : आपल्या परिसरातील तळे, नदी किंवा पावसाचे डबके निवडा. एकाच जागी प्रथम उभे राहून व नंतर बसून एकेक छायाचित्र घ्या. प्रतिबिंबात काय बदलले आणि त्यामुळे चित्राच्या आशयात कोणता फरक पडला, ते दहा ओळींत लिहा.