माकडतापाचा माग

धाराशिव जिल्ह्यातील तेर गावी तेरणेच्या काठाने गुरे चारून आणली, की सायंकाळी गोठ्यात एक काम बहुधा मुलांच्या वाट्यास येते. गाईच्या कानांत, मानेखाली आणि कासेजवळ दडलेले गोचीड वेचावयाचे. रक्त पिऊन तट्ट फुगलेला गोचीड एरंडीच्या बीसारखा दिसतो. त्याची किळस वाटते. भीती मात्र सहसा कोणी बाळगीत नाही. परंतु या गोचिडाचा एक रानातील भाऊबंद असा आहे, की त्याच्या पाठीमागे पुण्याच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे सह्याद्रीचे अरण्य तुडविले, आणि त्या कामात त्यांच्यापैकी काहींना अंथरूणही धरावे लागले.

ही कथा १९५७ सालापासून सुरू होते. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचे रान आहे. त्या रानात वानरे मरून पडू लागली. लाकूडफाटा आणण्यास जाणाऱ्या लोकांना झाडांखाली त्यांची प्रेते दिसत. थोड्याच दिवसांत आसपासच्या गावांतील माणसेही आजारी पडू लागली. एकाएकी सणसणून ताप भरे, डोके फुटल्यासारखे दुखे, अंग इतके ठणके की कूस बदलणेही नको वाटे. काहींच्या नाकातून व हिरड्यांतून रक्त येई. पहिल्याच वर्षी साडेचारशेहून अधिक माणसांना या तापाने पछाडले. माकडांचे मरण आणि माणसांचा ताप यांचा काही संबंध आहे, हे गावकऱ्यांच्या ध्यानी आले होते. कानडीत या रोगास ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडांचा आजार, असे नाव पडले.

ही वार्ता पुण्यास पोहोचली तेव्हा तेथील विषाणू संशोधन केंद्रात मोठी चिंता पसरली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून १९५२ मध्ये हे केंद्र स्थापन केले होते. त्या वेळी डॉ. टेलफोर्ड वर्क हे त्याचे संचालक होते. चिंतेचे कारण असे, की रानात माकडे मरतात आणि पाठोपाठ माणसे तापाने पडतात, हे पीतज्वराचे ठाऊक असलेले लक्षण होते. आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांत पीतज्वराने असंख्य बळी घेतले आहेत. आशियात तो कधी शिरला नव्हता. पण त्याचा प्रसार करणारा डास येथे घरोघरी होता, आणि येथील लोकांच्या अंगी त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती मुळीच नव्हती. तो एकदा आला असता, तर काय अनर्थ ओढवला असता याची कल्पनाच केलेली बरी.

वर्क आणि त्यांचे सहकारी डॉ. हॅरॉल्ड ट्रॅपिडो तातडीने क्यासनूरच्या रानाकडे गेले. मृत वानरांचे अवयव आणि रुग्णांचे रक्त जपून पुण्यास आणण्यात आले. त्यांचा अंश नुकत्याच जन्मलेल्या पांढऱ्या उंदरांच्या पिलांना टोचला, तेव्हा ती पिले आजारी पडली, आणि त्यांच्यापासून विषाणू हाती आला. तो पीतज्वराचा नव्हता. मात्र सुटकेचा निःश्वास टाकावा तर दुसरेच कोडे पुढे आले. हा विषाणू रशियाच्या अरण्यांत आढळणाऱ्या, मेंदूला सूज आणणाऱ्या एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता होता, आणि तो रोग गोचीड पसरवितात. सायबेरियाच्या रोगाचा हा सोयरा पश्चिम घाटात आला कोठून?

हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या पाखरांनी तो आपल्या अंगावरील गोचिडांतून आणला असावा, असा एक तर्क निघाला. त्याची परीक्षा करण्यासाठी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे मोठे काम हाती घेतले. जाळ्यात धरलेल्या पक्ष्याच्या पायात क्रमांक असलेले कडे घालावयाचे, त्याच्या अंगावर गोचीड असल्यास काढून घ्यावयाचे, आणि पक्ष्यास सोडून द्यावयाचे. त्यांतील काही कडी पुढे थेट सोव्हिएत रशियात सापडली. पाखरे कोठून कोठे जातात, याचे उत्तम ज्ञान झाले. परंतु क्यासनूरचा रोग पाखरांनी सायबेरियाहून आणला, यास काही पुरावा मिळाला नाही.

उत्तर रानातच शोधणे प्राप्त होते. या कामात ज्यांनी आपल्या उमेदीची वर्षे वेचली, त्यांत पी. के. राजगोपालन या कीटकशास्त्रज्ञाचे नाव महत्त्वाचे आहे. शिमोगा जिल्ह्यातील सागर येथे पुण्याच्या केंद्राने आपले ठाणे उभारले. तेथून निघून रानात पांढऱ्या कापडाचा तुकडा पाचोळ्यावरून हळूहळू ओढीत न्यावयाचा. कोणी प्राणीच जात आहे असे समजून भुकेले गोचीड त्यास बिलगतात. मग ते एकेक करून वेचावयाचे, मोजावयाचे, त्यांची जात ओळखावयाची आणि विषाणूच्या शोधासाठी प्रयोगशाळेकडे पाठवावयाचे. हे एक दिवस नव्हे, महिनोन्‌महिने, ठराविक जागी. हाताशी आलेला गोचीड खसखशीच्या दाण्याएवढाही असे. जे कापडास बिलगतात ते माणसासही बिलगतात, हे काम करणारे पुरते जाणून होते. प्रयोगशाळेत विषाणू हाताळणाऱ्या अनेकांना या तापाने गाठले.

या चिकाटीतून जे उमगले ते मोठे विलक्षण आहे. रोग पसरविणाऱ्या मुख्य गोचिडाचे शास्त्रीय नाव हिमाफायसॅलिस स्पायनिजेरा. हा आयुष्यात तीनदा रक्त पितो आणि दर वेळी नवा यजमान शोधतो. पावसाळा सरल्यावर अंड्यांतून बारीक पिले निघतात. ती उंदीर, चिचुंद्री, पाखरे किंवा माकडे यांचे रक्त पितात आणि गळून पडतात. कात टाकल्यावर त्यांची दुसरी अवस्था येते. आजारी माकडाचे रक्त प्यालेल्या पिलाच्या अंगात शिरलेला विषाणू कात टाकल्यानंतरही तसाच राहतो. ही दुसऱ्या अवस्थेतील पिले हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत भुकेने पाचोळ्यात वाट पाहत असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत लोक लाकडे, पाने व मध यांसाठी रानात शिरतात. रोगाची साथ डिसेंबर ते मे या महिन्यांत का येते, याचा उलगडा असा झाला.

माकड मेले म्हणजे काय होते? त्याच्या अंगावरील गोचीड थंड पडलेले शरीर सोडून त्याच जागी गळतात. ज्या झाडाखाली एक वानर मरून पडले, तेथे विषारी गोचिडांचे जणू वारूळच तयार होते. तेथून जाणारे दुसरे माकड किंवा लाकूडतोड्या त्यांच्या तावडीत सापडतो. एम. के. गोवर्धन, राजगोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ ते १९६४ या वर्षांतील माकडांच्या मृत्यूंचा तपशीलवार अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. लाल तोंडाच्या माकडांपेक्षा काळतोंडी वानरे अधिक संख्येने दगावत. बिचारी वानरे! रोग पसरविल्याचा ठपका त्यांच्यावर येई, पण त्यांचे मरण ही खरे पाहता माणसाला मिळालेली आगाऊ सूचना होती.

आणि गाय? मोठ्या गोचिडाला मोठे जनावर लागते. पूर्वी रानगवे आणि सांबरे त्याची भूक भागवीत. माणसाने रान तोडून भातशेती केली, आणि उरलेल्या रानात चरण्यासाठी गुरे सोडली. गाय या तापाने आजारी पडत नाही, तिच्या रक्तात विषाणू फारसा वाढतही नाही. परंतु तिचे रक्त पिऊन एकेक मादी हजारो अंडी घालते. अशा रीतीने गावाच्या शिवेवरच गोचिडांचे पीक वाढते. निरुपद्रवी दिसणारे हे जनावर साखळीतील इतका मोठा दुवा असेल, असे प्रारंभी फार थोड्यांना वाटले असते.

राजगोपालन पुढे डासांच्या अभ्यासाकडे वळले, पुदुच्चेरी येथील कीटकवाहकांच्या नियंत्रणाचे संशोधन करणाऱ्या केंद्राचे संचालक झाले, आणि १९९० मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. पुण्याचे केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. रोग मात्र संपला नाही. त्यावर १९९० पासून एक लस कर्नाटकात वापरात होती. ती पुरेशी गुणकारी ठरत नसल्यामुळे २०२२ मध्ये तिचा वापर थांबला. या तापावर हमखास औषध नाही. शंभर रुग्णांमागे तीन ते पाच दगावतात.

पुष्कळ वर्षे शिमोग्याच्या आसपासच राहिलेला हा ताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काजू वेचणाऱ्या मजुरांत दिसला, आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात, केर गावी आला. काजूचा हंगाम आणि गोचिडांच्या पिलांचा हंगाम एकच. माणूस वाकून पाचोळ्यातील काजू वेचीत असतो, तेव्हा पिले त्याच्या हाताजवळच असतात. तेथील लोक या रोगाला ‘माकडताप’ म्हणतात. रानात मेलेले माकड दिसले की गावकरी आता आरोग्यखात्यास आणि वनखात्यास कळवितात. त्या जागेभोवती कीटकनाशक भुकटी टाकली जाते. आणि पुण्याहून आलेली माणसे, साठ वर्षांपूर्वी क्यासनूरच्या रानात ओढला होता तसाच, पांढऱ्या कापडाचा तुकडा काजूच्या बागेतील पाचोळ्यावरून हळूहळू ओढीत नेतात.