अशोक क्रूर कीं प्रबुद्ध?

सम्राट अशोक क्रूर होता कीं प्रबुद्ध, असें विचारिलें असतां बहुतेक विद्यार्थी एका वाक्यांत उत्तर देतात : तो आधीं क्रूर होता, पुढें कलिंगाचें युद्ध झालें आणि तो सुधारला. हें उत्तर सुटसुटीत आहे. परंतु न्यायासनावर बसणारानें प्रथम साक्षीदार तपासले पाहिजेत.

पहिले साक्षीदार बौद्ध ग्रंथ. सिंहलद्वीपांतील 'महावंस' ग्रंथ म्हणतो कीं, त्यानें ९९ भावांस मारून राज्य मिळविलें. 'अशोकावदान' सांगतें कीं, त्यानें एका दिवसांत १८,००० आजीविक मारविले. हे ग्रंथ अशोकानंतर कित्येक शतकांनीं रचिले गेले. आणि पूर्वींचा राजा जितका काळा, तितकें त्याचें धर्मांतर उजळ दिसतें, हें विसरूं नये. उलट, पांचव्या शिलालेखांत आपल्या भावाबहिणींच्या घरांकडे पाहणाऱ्या अधिकाऱ्यांचा उल्लेख आहे. आणि बिहारांतील बराबर टेंकडीवर राज्याभिषेकापासून १२ व्या वर्षीं त्यानें आजीविकांस गुहा दिल्याचा लेख आजही आहे. येथें पोथीपेक्षां पाषाणाची साक्ष आम्हांस अधिक विश्वसनीय वाटते.

दुसरा साक्षीदार स्वतः अशोक. तेराव्या शिलालेखांत तो सांगतो कीं, राज्याभिषेकास ८ वर्षें झालीं असतां कलिंग जिंकला. १,५०,००० लोक तेथून नेले गेले, १,००,००० मारले गेले, आणि त्यांच्या कितीएक पट मेले. याचें आपणांस दुःख होतें, असेंही तो म्हणतो. हे आंकडे पराभूतानें नव्हे, तर जेत्यानेंच कोरविले आहेत.

तथापि आरोपीच साक्षीदार असेल, तर त्याची उलटतपासणी झालीच पाहिजे. ज्या लेखांत पश्चात्ताप आहे, त्याच लेखांत अरण्यवासी लोकांस, आपल्या अंगीं शासनाचें सामर्थ्य आहे, अशी ताकीदही आहे. कलिंग त्यानें सोडून दिला नाहीं. नेलेल्या लोकांस घरीं पाठविल्याचा शब्द त्याच्या लेखांत नाहीं. खुद्द कलिंगांत, धौली व जौगड येथें, हा तेरावा लेख कोरलेलाच नाहीं. तेथें, सर्व माणसें माझीं मुलें आहेत, असें सांगणारे निराळे लेख आहेत. देहदंडही त्यानें बंद केला नाहीं. मात्र शिक्षा झालेल्यांस ३ दिवसांची मुदत दिली.

दुसऱ्या पारड्यांत काय आहे? माणसांसाठीं व जनावरांसाठीं औषधोपचार, वाटेवर विहिरी व झाडें, आणि दुसऱ्याच्या पंथासही मान द्यावा हा बाराव्या लेखांतील उपदेश. आपल्या महाराष्ट्रांत सोपारा येथें १८८२ सालीं आठव्या लेखाचा तुकडा सांपडला. मृगयेच्या सहली सोडून धर्मयात्रा आरंभिल्याचें त्या लेखांत सांगितलें आहे.

आमचा निर्णय असा : अशोक प्रबुद्ध राजा होता, पण निर्दोष नव्हता. सत्ता हातीं असतां आपलें कृत्य निंद्य म्हणणें व पुढें हात आवरणें हें थोर खरें. परंतु त्या दुःखानें कलिंगांतून नेलेलीं माणसें घरीं परतलीं नाहींत. विद्यार्थिमित्रहो, या प्रश्नाचें उत्तर लिहितांना दोन्ही गोष्टी लिहा, आणि कोणती गोष्ट कोणाच्या साक्षीवरून घेतली, तेंही लिहा. थोर पुरुषाचा गौरव करितांना त्याच्या हातून ज्यांचें घर उठलें, त्यांस विसरणें हा न्याय नव्हे.