डेस्कटॉपचे ग्राफिक्स कार्ड लॅपटॉपला बसते काय?

हातकणंगले येथील एक होतकरू तरुण मध्यंतरी आमच्याकडे आला. लग्नाचे व्हिडिओ जोडून देणे, हुपरीच्या चांदी कारागिरांना संगणकावर पैंजणांचे नमुने काढून देणे आणि संध्याकाळी आपल्या गेमिंग लॅपटॉपवर मुलांना तासाच्या हिशेबाने गेम खेळू देणे, असा त्याचा धंदा. लॅपटॉप कमी पडू लागला म्हणून त्याने शहरातील एका विक्रेत्याकडे चौकशी केली. विक्रेत्याने डेस्कटॉपचे मोठे, वापरलेले ग्राफिक्स कार्ड दाखवून "हेच तुझ्या लॅपटॉपमध्ये बसवून देतो" असे सांगितले, आणि विसारही घेतला. तरुणाचे म्हणणे सरळ होते: "चाचा, कार्ड ते कार्डच की, मग बसणार कसं नाही?"

प्रश्न एकट्याचा नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहोत.

प्रथम कार्ड म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या पडद्यावरील चित्र घडविण्याचे काम एक चिप करते. डेस्कटॉपमध्ये ही चिप एका वेगळ्या पाटीवर असते, सोबत तिची स्वतःची मेमरी, वीज पुरविणारे भाग, तांब्या-ॲल्युमिनियमच्या पात्यांचा गठ्ठा आणि पंखे. ही सगळी पाटी म्हणजे कार्ड. ते खाचेतून काढता येते, दुसरे घालता येते. लॅपटॉपमध्ये मात्र अशी खाच नसते. तेथे चिप आणि मेमरी थेट मुख्य पाटीवर झाळलेली असते. बदलता येण्याजोग्या लहान पाट्यांची 'एमएक्सएम' नावाची पद्धत काही महागड्या लॅपटॉपमध्ये होती, पण ती आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे, आणि त्यातही दुसरी पाटी घातली तर लॅपटॉप ती ओळखेलच याची खात्री नसते. फ्रेमवर्क या अमेरिकन कंपनीने २०२३ साली जाहीर केलेल्या १६ इंची लॅपटॉपचे ग्राफिक्स मागून काढून बदलता येते. पण तेथेही त्या कंपनीचाच भाग बसतो, डेस्कटॉपचे कार्ड नव्हे.

आता मापे घ्या. एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ४०९० हे कार्ड ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आले. कंपनीच्या स्वतःच्या कार्डाची लांबी सुमारे ३० सेंटिमीटर आणि जाडी सुमारे ६ सेंटिमीटर. गेमिंग लॅपटॉप साधारण अडीच सेंटिमीटर जाडीचा असतो. म्हणजे कार्डाची नुसती जाडीच लॅपटॉपच्या दुपटीहून अधिक. करवत घेऊन बसलो तरी हे जमणारे काम नाही.

पण खरी अडचण आकाराची नाही, उष्णतेची आहे. हे कार्ड पूर्ण भारावर ४५० वॅट वीज घेते. आमच्या इचलकरंजी परिसरातील वाचकांना मोटरीचा हिशेब तोंडपाठ असतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तेव्हा हे एकटे कार्ड अर्ध्या अश्वशक्तीहून जास्त वीज खाते. फरक एवढाच, की मोटर त्या विजेतून माग फिरविते, चिप मात्र घेतलेली जवळजवळ सगळी वीज उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकते. एवढी उष्णता मांडीवर ठेवायच्या डब्यातून दोन चपट्या पंख्यांनी कशी काढणार? शिवाय मोठ्या गेमिंग लॅपटॉपचे चार्जरसुद्धा ३३० वॅटच्या आसपासचे असतात. त्यातच प्रोसेसर, पडदा आणि बॅटरीही पोसायची असते.

मग लॅपटॉपवर '४०९०' असे लिहिलेले असते ते काय? येथेच आमच्या बांधवांची फसगत होते. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने लॅपटॉपसाठीही ४०९० जाहीर केले, पण आतली चिप वेगळी आहे. डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये हिशेब करणारे १६,३८४ लहान घटक आणि २४ जीबी मेमरी, तर लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८ घटक आणि १६ जीबी. हे दोन्ही आकडे डेस्कटॉपच्या ४०८० या खालच्या कार्डाचे आहेत. म्हणजे ४०८० ची चिप घेतली, तिची वीज ३२० वॅटवरून साधारण १५० वॅटवर आणली आणि नाव वरच्या मालाचे दिले. २०२५ च्या ५०९० चेही तसेच: डेस्कटॉपला २१,७६० घटक आणि ५७५ वॅट, लॅपटॉपला १०,४९६ घटक आणि १५० वॅटच्या आसपास.

पूर्वी लॅपटॉपच्या चिपच्या आकड्यामागे 'एम' हे अक्षर असे, त्यामुळे गिऱ्हाइकाला माल वेगळा आहे हे कळे. २०१६ मध्ये ते अक्षर गेले. त्या वर्षी ते गैरही नव्हते, कारण डेस्कटॉपच्या जीटीएक्स १०८० मध्ये २,५६० घटक होते आणि लॅपटॉपच्यातही तितकेच. डेस्कटॉपचे ते कार्ड १८० वॅटचेच होते, म्हणून ती चिप लॅपटॉपात मावली. पुढे डेस्कटॉपची कार्डे तीनशे, साडेचारशे वॅटवर गेली, लॅपटॉप जागच्या जागी राहिला, आणि नाव मात्र दोघांचे एकच राहिले. अधिकृत नावात 'लॅपटॉप' हा शब्द असतो खरा, पण दुकानातील पाटीवर तो बहुधा गळलेला असतो. आमच्या मते विकणाऱ्याने तो उच्चारून सांगितलाच पाहिजे.

वीज निम्मी केली म्हणून काम निम्मे होते, असे मात्र नाही. चिपचा वेग थोडा उतरविला की तिला व्होल्टेजही कमी पुरतो, आणि विजेचा खर्च वेग व व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराने घटतो. दोन्ही दहा टक्क्यांनी उतरविले तर वेग दहा टक्के जातो, पण वीज सुमारे सत्तावीस टक्के वाचते. लॅपटॉपचे सारे गणित याच युक्तीवर चालते. 'मोठे कार्ड लॅपटॉपला जुळवून घेणे' याचा खरा अर्थ एवढाच आहे, आणि ते काम कारखान्यात होते, दुकानातील टेबलावर नव्हे.

उलटा प्रकार मात्र टेबलावरही झालेला आहे. लॅपटॉपच्या चिपा डेस्कटॉपच्या पाटीवर झाळून चीनमधून विकल्या गेल्या. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाचे खाणकाम बंद झाल्यावर वापरलेल्या कार्डांचा पूर आला, त्यात अशीही कार्डे होती. स्वस्त सेकंडहँड कार्ड घेताना हे ध्यानात असावे.

एक मार्ग उरतो. डेस्कटॉपचे कार्ड वेगळ्या पेटीत, वेगळ्या वीजपुरवठ्यावर ठेवून केबलने लॅपटॉपला जोडता येते. मात्र लॅपटॉपला थंडरबोल्ट किंवा यूएसबी-४ चे तोंड हवे. डेस्कटॉपच्या खाचेतून सेकंदाला सुमारे ३२ जीबी माहिती जाते. थंडरबोल्ट ३ किंवा ४ मधून फार तर ४ जीबी, म्हणजे आठवा हिस्सा. व्हिडिओच्या कामाला हे पुष्कळदा पुरते, गेममध्ये मात्र मार बसतो. आणि पेटी, वीजपुरवठा, कार्ड यांची बेरीज केली तर साध्या डेस्कटॉपच्या किमतीजवळ जाते.

म्हणून त्या तरुणाला आम्ही विसार परत मागायला सांगितले, आणि दुकानात एका जागी बसून काम करायचे असेल तर डेस्कटॉप घे म्हटले. खर्चाची बाजूही मांडली. ४५० वॅटचे कार्ड रोज सहा तास पूर्ण भारावर चालले तर महिन्याला ८१ युनिट, १५० वॅटचा लॅपटॉपचा भाग २७ युनिट. वीज गेली तर लॅपटॉपची बॅटरी काम वाचविते. डेस्कटॉपला यूपीएस लागतो, आणि घरगुती ६०० व्हीएचा येथे पुरणार नाही. तो साधारण ३६० वॅटचाच भार उचलतो. त्याच्या कामाला साडेचारशे वॅटचे कार्ड लागतच नाही. दोनशे वॅटच्या आतले कार्ड पैंजणाच्या नमुन्यांना आणि लग्नाच्या व्हिडिओंना भरपूर आहे.

ज्यांना लॅपटॉपच हवा, गिऱ्हाइकाच्या दारी जावे लागते म्हणून, त्यांनी नाव न पाहता वॅट पाहावेत. एकाच नावाची चिप एका लॅपटॉपात ८० वॅटवर तर दुसऱ्यात १५० वॅटवर बांधलेली असते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडले की 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' हा आकडा दिसतो. पैसे मोजण्यापूर्वी तो विक्रेत्याला समोर उघडून दाखवायला लावावा व पावतीवर लिहून घ्यावा. यंत्रमागाच्या शेडजवळ दुकान असणाऱ्यांनी दर दोन-तीन महिन्यांनी पंखे उघडून कापसाचे तंतू काढावेत. जाळी तुंबली की १५० वॅटची चिप स्वतःच वेग उतरविते, आणि गिऱ्हाईक म्हणते लॅपटॉप जुना झाला.