शर्करा ओळखणारा जंतु

एरंडाचें बीं आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलेंच असेल. (तें विषारी आहे, तोंडांत घालूं नये!) इ. स. १८८८ मध्यें डोर्पाट येथें पीटर हेर्मान श्टिलमार्क या विद्यार्थ्यानें त्या बियांचा अर्क रक्तांत मिसळला, तों तांबड्या पेशी एकमेकींस चिकटून त्यांच्या गाठी झाल्या. पेशींच्या पृष्ठभागावर नानाविध शर्करा असतात. त्यांतील ठराविक तेवढी निवडून धरणारें प्रथिन त्या बियांत होतें. अशा प्रथिनांस पुढें १९५४ सालीं ‘निवडणें’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून ‘लेक्टिन’ हें नांव मिळालें.

हीच कला जंतूंसहि अवगत आहे. आपल्या श्वासनलिकांत श्लेष्म्याचा थर असतो, व केसांहून सूक्ष्म असे तंतु अहोरात्र हालून तो घशाकडे लोटीत असतात. आंत शिरलेला जंतु या ओघांत वाहून जावयाचा. टिकावयाचें तर त्यास प्रथम कोठें तरी पकड मिळाली पाहिजे.

सूडोमोनास एरुजिनोसा हा जंतु पाण्यांत व ओल्या मातींत राहतो. धडधाकट माणसास तो सहसा बाधत नाहीं. परंतु सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगानें ज्यांचा श्लेष्मा घट्ट झाला आहे, त्यांच्या फुप्फुसांत तो वर्षानुवर्षें ठाण मांडून बसतो, व पुष्कळ औषधांस दाद देत नाहीं. त्याच्याजवळ दोन लेक्टिनें आहेत. पहिलें इस्राएलांतील नेहामा गिलबोआ-गार्बर यांनीं १९७२ सालीं वेगळें करून दाखविलें. तें गॅलॅक्टोज धरतें. दुसरें फ्यूकोज धरतें. प्रत्येकाच्या रेणूस चार पकडी असतात. एवढ्यावरच तीं थांबत नाहींत. तंतूंची हालचालहि मंदावतात. म्हणजे चोरानें घरांत शिरून राखणदारालाच निजविल्यासारखें झालें!

आतां एक प्रश्न. दोन्ही मुठी लाडवांनीं भरलेल्या मुलास झाडाची फांदी धरतां येईल काय? याच न्यायानें, सुटी शर्करा देऊन लेक्टिनांच्या पकडी आधींच भरून टाकाव्या, अशी युक्ति संशोधकांस सुचली. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ११ प्रौढ रुग्णांस या दोन शर्करांचें द्रावण वाफाऱ्यासारखें श्वासावाटें दिलें. कांहींस त्याबरोबर नेहमींचें औषधहि चालू होतें. थुंकींतील जंतु कमी झाले, पण फुप्फुसांची शक्ति मात्र वाढली नाहीं. (घरची साखर खाऊन हें साधेल असें कोणीं समजूं नये, त्या शर्करा निराळ्या.)

शिवाय या जंतूस चिकटण्यासाठीं इतर अवयवहि आहेत, त्यामुळें एक पकड सुटली तरी दुसरी राहते. म्हणून रसायनशास्त्रज्ञ आतां शर्करेहून अधिक घट्ट बसणारे कृत्रिम रेणु घडवीत आहेत. ते जंतूस मारीत नाहींत, केवळ त्याची मूठ अडवितात. आणि ज्याचा जीवच घेतला जात नाहीं, तो जंतु औषधास सरावण्याचा संभवहि कमी, अशी त्यांची अटकळ आहे.